अग्निबाण, शेवटून पहिला

शनिवार, ४ जानेवारी
निर्णय झाला. समोरच्या इमारतीत त्या टायवाल्यानं कोडिंगचा क्लास काढल्यापासून माझ्या गणिताच्या क्लासची पोरं माझा जिना उतरून त्याचा जिना चढतायत. वीस वर्षं शिकवतोय. आता सात उरली. म्हणून आज खाली नवीन पाटी लावली. 'कोडिंग स्पर्धांची संपूर्ण तयारी. अनुभवी मार्गदर्शन.'
अनुभव तेवढा घ्यायचा राहिलाय. आठवडा पुरे. कोडिंग म्हणजे शेवटी गणितच, फक्त टाइप केलेलं.
बायको म्हणाली, आधी शिक, मग पाटी लाव. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रिपोर्ट हातात आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. मार्चपर्यंत क्लास सावरला नाही तर तिच्या ओळखीच्या शाळेत नोकरी धरायची, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. आठवीचे वर्ग आणि डोक्यावर हेडमास्तर. दिली कबुली. वेळ येतेय कशाला.

मंगळवार, ७ जानेवारी
स्पर्धेच्या साइटवर खातं उघडलं. पद्धत सोपी आहे. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ, पाच प्रश्न. आपण प्रोग्राम लिहून पाठवायचा, तिकडचं मशीन तपासतं. बरोबर तर हिरवं, चूक तर लाल. खाली सगळ्यांची क्रमवार यादी. मी नवशिक्यांची स्पर्धा निवडली. एकदम मोठ्यांच्यात उतरलो तर लोक बिचकतील.
साइटवर नाव घेतलं 'अग्निबाण'. खरं नाव दिलं तर पोरांवर दडपण येईल.
साइटवरच क्लासचा ग्रुपसुद्धा काढला, त्यात अग्निबाणालाही घेतलं आणि सगळ्यांना खुला ठेवला. टायवाल्याची पोरं डोकावतील आणि जळतील.

शनिवार, ११ जानेवारी
पहिली स्पर्धा. पोरं हॉलमध्ये लॅपटॉप उघडून, मी आत केबिनमध्ये. त्यांना सांगितलं, देखरेख करतोय.
पहिला प्रश्न, दोन संख्यांची बेरीज करा. हसू आलं. चुटकीसरशी लिहिला, पाठवला. लाल. परत पाठवला. लाल. मग पाठवतच राहिलो. बेरीज चुकतेय? माझी? कॅल्क्युलेटरवर केली, कागदावर केली, बोटांवरसुद्धा केली. बरोबर आहे.
निष्कर्ष, मशीन बिघडलंय. बाहेर येऊन पोरांना म्हटलं, आज सर्व्हरला प्रॉब्लेम आहे. चष्मेवाली म्हणाली, सर, माझे दोन सुटले. ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. म्हटलं, कधीकधी नशीब साथ देतं.

रविवार, १२ जानेवारी
साइटवाल्यांना तक्रार पाठवली. मुद्देसूद, पोटमुद्द्यांसकट. त्यांचं एका ओळीत उत्तर. मी आकड्याच्या आधी 'म्हणून, उत्तर =' असं छापतोय, मशीनला नुसता आकडा हवा.
अंगाचा तिळपापड झाला. 'म्हणून, उत्तर =' न लिहिणाऱ्याचा मी वीस वर्षं अर्धा मार्क कापत आलोय. खाली दुहेरी रेघ नसेल तर आणखी अर्धा. ज्याला रीतभात नाही त्याच्याकडून मी तपासून घ्यायचं? काढणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

शनिवार, १८ जानेवारी
तत्त्वावर ठाम राहिलो. पाचपैकी शून्य.

बुधवार, २२ जानेवारी
तत्त्व तात्पुरतं स्थगित.

शनिवार, २५ जानेवारी
'म्हणून' काढलं. 'उत्तर' काढलं. शेवटी बरोबरचं चिन्हसुद्धा काढलं. पहिला प्रश्न, एकपासून दिलेल्या संख्येपर्यंत सगळ्या संख्यांची बेरीज. म्हणजे देवच पावला. सूत्र झोपेत सांगेन. लिहिलं, पाठवलं, आरामात मागे टेकून बसलो. लाल.
मोठी संख्या घालून बघितली तर बेरीज उणे. सगळ्या धन संख्या मिळवायच्या आणि उत्तर उणे. हे मी कुणाला सांगू? आठ वाजेपर्यंत नुसता त्या उण्याच्या चिन्हाकडे बघत बसलो.
नंतर चष्मेवालीला सहज विचारलं, समजा, एखाद्या मुलाची अशी बेरीज उणे आली, तर तू त्याला काय सांगशील? ती म्हणाली, संख्या ठेवायला घेतलेली जागा लहान पडली, मोठी घ्यायची. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, शाब्बास, मला तुझ्याकडून हेच ऐकायचं होतं.
जागा कमी पडतेय तर मशीननं तोंडानं सांगावं. गप्प बसून उणे उत्तरं कसली देतं?

शनिवार, १ फेब्रुवारी
नवा घोळ. हे मशीन रांगेतल्या पहिल्याला शून्य नंबर देतं. दुसऱ्याला एक. दोन तास त्याच्याशी भांडलो. शून्य सुटले, म्हणजे त्याच्या हिशेबानं पहिला सुटला असं धरायला हरकत नाही.
एक पोरगा आहे, सदा जांभया देतो, त्याला सगळे जांभईच म्हणतात. त्यानं ग्रुपची यादी पडद्यावर लावली. तळाला अग्निबाण. हॉलमध्ये खसखस पिकली. त्यांना रागवावं म्हणून बाहेर आलो, पण काय कारण सांगून रागवायचं ते सुचेना. जांभईच्या मते अग्निबाण पाचवीत असावा. कुणी म्हणालं, कुणाचे तरी आजोबा असतील, वेळ जात नसेल. मी म्हटलं, एखादा संशोधकही असू शकतो, वेगळ्या दिशेनं विचार करणारा. यावर सगळ्यांनी फार नम्रपणे माना डोलावल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी
शून्य. एक मुलगा क्लास सोडून गेला. समोर. त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलं की माझ्याविषयी त्यांना नितांत आदर आहे. जाणाऱ्यांना तो नेहमीच असतो.
संकल्प : उद्यापासून रोज पहाटे सराव.

सोमवार, १० फेब्रुवारी, दुपारी
पहाट दोन्ही दिवस चुकली. दुपारी बसलोय. क्लास रिकामा. जुने सोपे प्रश्न काढले, त्यांच्यावर लिहिलेलं असतं किती हजार लोकांनी सोडवलाय. मी त्या हजारांत नाही.
खरं लिहायचं तर शाळेची नोकरी काही वाईट नाही. पण शाळेत पोरं येतात कारण त्यांना यावंच लागतं. इथं जिना चढून येतात कारण त्यांना माझ्याकडे यावंसं वाटतं. एवढी एकच गोष्ट माझ्या आयुष्यात माझी म्हणून आहे. ती गेली तर मी कोण, ते मला माहीत नाही.
असो. हे वाक्य भावनेच्या भरात लिहिलं गेलं. परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी
शून्य. पण हल्ली पोरं यादीच्या तळाला हसत नाहीत. केबिनचं दार किलकिलं होतं म्हणून ऐकू आलं. जांभई काहीतरी टिंगल करत होता, तेव्हा चष्मेवाली त्याला म्हणाली, "दर शनिवारी शून्य मिळतात, तरी दर शनिवारी येतो. मला आवडतो तो."
मी दार हळूच लावून घेतलं. डोळ्यांना पाणी आलं. स्क्रीनकडे सारखं बघून येतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी
हिरवं.
शांतपणे लिहितो. प्रश्न असा होता. रांगेत उभ्या मुलांच्या उंच्या दिल्यात, सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका यांच्यातला फरक सांगा. शून्यापासून मोजलं. जागा मोठी घेतली. नुसता आकडा छापला. पाठवून डोळे मिटून घेतले. उघडले तर हिरवं.
उडी मारली, गुडघा टेबलावर आपटला. तेवढ्यात बाहेर हॉलमध्ये एकच कल्ला. कळवळत, लंगडत बाहेर गेलो आणि विचारलं, काय गोंधळ चाललाय? पोरं उभी राहून टाळ्या पिटत होती. जांभईसुद्धा जागा होता. म्हणाले, सर, अग्निबाणाचा एक सुटला. मी म्हटलं, असं का. आणि लंगडत परत केबिनमध्ये गेलो.
घरी बायकोला सगळं समजावून सांगितलं, उंच मुलगा, बुटका मुलगा. तिनं स्क्रीन दोनदा नीट तपासली आणि म्हणाली, खरंच सुटलाय. तिचं हे सर्टिफिकेट मी उशाशी घेऊन झोपणार आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी
अग्निबाणाला साइटवर निरोप आला. चष्मेवालीचा. दादा, अभिनंदन, आम्ही सगळे तुमच्यासाठी ओरडलो. मला तीन सुटतात, पुढं जात नाही. क्लासला जाते. तुम्ही कुठल्या क्लासला जाता?
प्रश्न कशाचा आहे ते लगेच ओळखलं. पोरगी टायवाल्याकडे जायच्या विचारात आहे. तिला वेळीच अडवायला हवं. शिवाय आजवर कुणी अग्निबाणाचा सल्ला मागितला नव्हता. ऐसपैस उत्तर लिहिलं. मी कुठल्याही क्लासला गेलो नाही, मला कुणी शिकवलं नाही, जे मिळवलं ते एकट्यानं बसून. क्लास म्हणजे कुबड्या. तुझे पाय धडधाकट आहेत, फेकून दे त्या. लिहिताना मनात अर्थातच समोरचा क्लास होता.
दोनदा वाचलं. भाषा फारच प्रभावी उतरलीय.

बुधवार, २६ फेब्रुवारी
चष्मेवाली आईला घेऊन आली. क्लास सोडतेय. मी विचारलं, समोर जाणार का? नाही म्हणाली. कुठंच नाही, घरी बसून स्वतःच करणार. खाली बघून म्हणाली, "सर, अग्निबाणानंच सांगितलं तसं."
मी म्हटलं, असल्या अनोळखी माणसांचं काय ऐकायचं, त्यांना काय अक्कल असते. ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. म्हणाली, त्यांना काही बोलू नका.
तिनं ते उत्तर सगळ्यांना दाखवलंय. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे फोन आले. सगळ्यांना नितांत आदर आहे.

शनिवार, १ मार्च
शाळेला होकार कळवला. सोमवारपासून.
तरीही सहा वाजता केबिनमध्ये येऊन बसलो. हॉल रिकामा. सवयीनं दार किलकिलं ठेवलं होतं. पोरं आपापल्या घरून खेळत होती, ग्रुपच्या यादीत एकेक हिरवं उमटत होतं. माझं शून्य. आठ वाजता चष्मेवालीचा निरोप आला.
दादा, आज चार सुटले. तुमचं ऐकलं ते बरं झालं. एकच गोष्ट टोचते. आमच्या सरांना यातलं काही येत नाही, हे आम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. तरी आम्ही जात राहिलो. गेलो नाही तर ते एकटेच बसून राहतील असं वाटायचं. आता ते तसेच बसले असतील.
चार उत्तरं लिहिली आणि चारही पुसली. खूप रडलो. आज स्क्रीनला दोष देत नाही.
मग लिहिलं, सरांची काळजी करू नकोस, त्यांच्याकडे मी बघतो.
तिनं लगेच विचारलं, तुम्ही ओळखता सरांना?
लिहिलं, आत्ताच ओळख झाली.