पंगतीतलं पान

॥ श्री ॥
जळगाव, ५ जानेवारी २०२६

चि. सौ. हेमलता हिला नानाचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मास्तरीण होतेस आणि मी हं-हं करत बसतो. कागदाचं बोलणं मधेच तोडता येत नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी चांगली पडलीय, तुझी आई दिवसाआड भरताची वांगी भाजते, आणि दुकानात दुरुस्तीला आलेल्या शेतपंपाच्या जळालेल्या मोटारींचा ढीग लागलाय.

तुझा भाऊ ईश्वर परवा धुळ्याला तुझ्याकडे येऊन गेला. तो सांगत होता, तुझ्या दिपमालेला तिसरीच्या वर्गातून उठवून बाजूच्या खोलीत एकटीला शिकवतात. त्या वर्गावर बाई तूच, म्हणजे हे तुझंच काम. हेमा, मी चौथीत शाळा सोडली, शिकण्यातलं मला कळत नाही. पण पंगत कळते. पंगतीत तालेवार असो की सालदार, बट्टी तीच, वरण तेच. एकाला वेगळं वाढलं की सगळे त्याच्याच पानाकडे बघतात. पोरीला परत वर्गात बसव.

आणखी एक. पूर्वी तुझा फोन आला की मागून तिची गुणगुण ऐकू यायची. दिवाळीपासून येत नाही. माझा जन्म मोटारींच्या घरघरीत गेला, पण कान शाबूत आहेत.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे तशीच आहे. राग आला तरी उत्तर दे.

नाना


धुळे, १२ जानेवारी २०२६

ती. नाना यांस, हेमाचा शि. सा. न. वि. वि.

राग आला, म्हणूनच थोडं थांबून लिहितेय.

दिपूसाठी पुस्तकातली अक्षरं जागेवर राहत नाहीत. ती एक ओळ लावेपर्यंत बाकीची मुलं पान उलटतात. भरल्या वर्गाला मी एकाच वेगानं पुढे नेते आणि माझीच लेक मागे राहते, हे रोज समोर उभं राहून बघणं सोपं नाही. खोलीत दुसऱ्या बाई तिला तिच्या वेगानं शिकवतात, मोठ्या अक्षरांत, वाळूत बोट फिरवून. परवा एसटी स्टँडवर तिनं चोपड्याच्या गाडीची पाटी स्वतः वाचली. मी तिथेच डोळे पुसले. कंडक्टरला वाटलं, माझी गाडी चुकली.

आणि पंगतीचं तुम्ही मला सांगू नका. भंडाऱ्यात आपल्या शेजारच्या झिपरू आबांच्या पानात बट्टी कोण चुरतं? वरून पळीभर जास्त वरण कोण ओततं, मिरची कोण काढून टाकतं? ज्याला दात नाहीत त्याला सगळ्यांसारखी अख्खी बट्टी वाढली, तर ते सारखं वागवणं झालं की उपास घडवणं? मी तुमचंच बघून शिकले.

आईला नमस्कार. रागावलेल्या लेकीवरही लोभ असावा.

तुमची,
हेमा


जळगाव, १७ जानेवारी २०२६

चि. सौ. हेमलता हिला अ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की भाकरी करपली. हरलो बुवा.

पण अर्धाच. चंपाषष्ठीच्या भंडाऱ्याला तू नव्हतीस. यंदा पोरांनी आबांची जरा जास्तच काळजी घेतली. म्हातारा माणूस खाली कसा बसेल म्हणून ओसरीत टेबल-खुर्ची मांडली, ताटात सगळं मऊ, चुरलेलं. मी वाढत तिथवर गेलो तर आबा अर्ध्यावर हात धुऊन मोकळे. विचारलं तर म्हणतात, पोट भरनं रे भाऊ. आवाजावरून कळलं, भरलं नव्हतं. हाताला धरून त्यांना पंगतीत आणलं, भिंतीशी पाट ठेवून त्यांच्या जुन्या सोबत्याच्या, पितांबरच्या शेजारी टेकवलं. पितांबरनं त्यांच्या दातांची चौकशी केली, आबांनी त्याच्या टकलाची, आणि बोलता बोलता पान साफ झालं. बट्टी चुरूनच दिली होती, हे कबूल.

तेव्हा तू बट्टी चूर, मी अडवत नाही. पण पान उचलू नकोस. तिला शेजारी कोण हवं, तेवढं विचारून बघ.

तुझ्यावर आणि तिच्यावर जीव आहे, म्हणून एवढं लांबलं.

नाना


धुळे, ६ फेब्रुवारी २०२६

ती. नाना यांस शि. सा. न. वि. वि.

विचारलं. दिपूनं उषाचं नाव घेतलं. उषा म्हणजे तिच्या जुन्या बाकावरची मैत्रीण. उषा धडा पुटपुटत वाचायची, दिपू ऐकायची, आणि अर्थ तिला उषाच्या आधी कळायचा. मला ती नुसती गडबड वाटायची. कितीदा दोघींना दटावलं. खोलीत मात्र तिला जे येत नाही तेवढंच तिच्यासोबत उरलं होतं.

आता सकाळी थोडा वेळ खोली, मग वर्ग, उषाच्या शेजारी. तिची परीक्षा तोंडी घ्या म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागलेय. ते म्हणतात, एकीला सवलत दिली तर सगळे मागतील. मी म्हटलं, ज्याला लागेल त्याला देऊ. अजून हो म्हणालेले नाहीत. वाचताना ती अडखळते, पुढेही अडखळेल. पण काल मी भांडी घासत होते आणि मागून गुणगुण आली. नळ बंद करून ऐकत उभी राहिले.

आखाजीच्या सणाला माहेरी येतेय. पंगतीत वाढायला दिपूला तुमच्या हाताखाली घ्या. तिनं सराव सुरू केलाय. काल जेवताना ती एकेकाच्या ताटात डोकावत फिरली आणि माझ्या वरणाशेजारी न विचारता लिंबाची फोड ठेवून गेली. मला लिंबू लागतं, हे या घरात कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

आईला नमस्कार. लोभ असाच, ज्याचं त्याचं पान बघून, वाढत राहावा.

तुमची,
हेमा