पाल्मीराच्या मुक्या पट्ट्यांची व्यवस्था

मी, नाझारेनो सेर्रानी, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार कास्तेलफिदार्दो, चढावरचे पिवळे घर, असे लिहून ठेवतो की येत्या सोमवारी आंकोनाच्या रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना बिघडलेल्या यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी ऐकवत आलो, त्यामुळे त्याचे मोल मला ठाऊक आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शेजारी बसून मला कोणी शब्द सुचवत नाही. बायको पाल्मीरा हिने सुचवले असते, पण ती पलीकडच्या खोलीत सिंथेसायझर वाजवत बसली आहे.

नोटरीसाहेब म्हणाले की स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. लागत नसतील. आमच्या गावात चार माणसांनी ऐकल्याशिवाय शिंकसुद्धा खरी धरत नाहीत, म्हणून मी शेजारीण इओले हिला बोलावले आहे आणि दुसरा कोणीतरी शोधून आण असे सांगितले आहे.

वाटणी सोपी आहे. अडचण एकच आहे: मी परत आलो नाही तर पाल्मीराच्या पट्ट्या कोण बघणार?

कलम १. घर, परसातला भाजीचा वाफा, पोस्टातली शिल्लक आणि तळघरातली, द्राक्षरस उकळून केलेली दारू, सर्व माझी पत्नी पाल्मीरा हिचे. मला मूल नाही, त्यामुळे भांडायलाही कोणी नाही.

कलम २. तीनचाकी आपे गाडी इओलेला. तिला चालवता येत नाही. पण आजवर माझ्या शेजारी बसून गाडी तीच चालवत आली आहे.

कलम ३. चौकातल्या बारमध्ये पत्ते कुटणाऱ्या मंडळींनी पाल्मीराचे नाव निघाले की "बिच्चारी" म्हणण्याची सवय लावून घेतली आहे. तो शब्द मी त्यांना परत करतो. आपसात वाटून घ्यावा.

कलम ४. माझ्या अंत्ययात्रेत अकॉर्डियन वाजवू नये. मेलेल्या माणसासमोरही सूर नीट लागला नाही म्हणून हुज्जत घालणारे, अकॉर्डियन बनवणाऱ्यांचे गाव आहे हे.

कलम ५. सिंथेसायझर. हा आमच्याच गावच्या, आता बंद पडलेल्या कारखान्यात जुळवलेला आहे. पाल्मीरा त्यावर उन्हाळाभर गावोगावच्या चौकांत वॉल्ट्झ आणि पोल्का वाजवत असे आणि म्हातारे गुडघे विसरून नाचत असत. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात परत आला, पण त्यातली तीन बोटे नुसतीच हलतात, त्यांना काही लागत नाही. पट्टी अर्धी दबली की पुरती, हे तिला बोटाने कळत नाही आणि एवढा बारीक फरक डोळ्यांनी दिसत नाही. वाजली तर दबली, एवढाच तिचा हिशेब. म्हणून ती रोज दुपारी बसते, आणि एखादा सूर निघाला नाही की हाक मारते:

"नाझारेनो, मी की हे?"

मी जातो, माझ्या बोटाने तीच पट्टी दाबतो. नाही वाजली तर स्क्रूड्रायव्हर आणतो. वाजली, तर मला पुढचे बोलवत नाही. मी म्हणतो, "चल, काहीतरी खाऊन घेऊ."

"चार वाजलेत, मेल्या," ती म्हणते. म्हणजे तिला कळलेले असते.

रेकानातीच्या एका तंत्रज्ञाने सुचवले की बाईंना नवा कीबोर्ड घेऊन द्या. एक आणून बघितला. पाल्मीराने तो संध्याकाळीच परत पाठवला. "याला नुसतं बघितलं तरी वाजतं," ती म्हणाली. "मग मला माझं काय कळणार?"

कलम ६. थोरले बंधू एजिदिओ यांस काहीही नाही. कारण लिहून ठेवतो.

एजिदिओ अकॉर्डियनच्या आतल्या धातूच्या रीड घासून सुरात आणतो, आणि त्यात त्याच्या तोडीचा माणूस या डोंगरावर नाही. पण या कामाने माणसाचा धर्मच तसा होतो: धातू बिघडला दिसला की घास. गेल्या हिवाळ्यात मी तपासण्यांसाठी रुग्णालयात असताना तीन पट्ट्या मुक्या झाल्या. पाल्मीराने त्याला बोलावले. त्याने झाकण उघडले, पट्ट्यांखालच्या तारा काळवंडलेल्या पाहिल्या, आणि सगळ्या घासून चांदीसारख्या चमकवल्या. सोन्याच्या तारा चांदीसारख्या दिसू लागल्या, यातच सगळे आले.

"काय केलंस तू?" मी घरी आल्यावर विचारले.

"साफ केलं."

"कशानं?"

"कानशीनं. तू काय जिभेनं करतोस?"

"एजिदिओ, त्यावर सोन्याचा मुलामा होता."

"मग तो खाली कशाला लावतात, जिथं कुणाला दिसत नाही?"

आठवडाभर यंत्र असे गायले की त्याने बारमध्ये त्यावर फुकटची दारू ढोसली. मग समुद्रावरून दमट वारा सुटला. तेव्हापासून रोज सोने गेलेली कुठली ना कुठली तार गंजते आणि रोज वेगळी पट्टी मुकी होते. तसल्या तारा आता कुठे मिळत नाहीत. मी सगळीकडे विचारून हात टेकले. आज साफ केलेली परवा पुन्हा जाते. एजिदिओशी मी तेव्हापासून बोललेलो नाही. नाताळात त्याने मीठ मागितले, ते मी पाल्मीराकरवी दिले.

कलम ७. जो कोणी हे काम घेईल त्याने आधी झाकणाला हात लावू नये. आधी पट्ट्या दाबाव्यात. एकच मुकी असेल तर तिच्याखालची केसासारखी तार बघावी; ती आडव्या दांडीला टेकली तरच सूर निघतो. ओळीने बऱ्याच मुक्या असतील तर तारा निर्दोष, जोडाचा सोल्डरचा डाग सुटला आहे. सगळ्याच मुक्या असतील तर भिंतीवरचे बटण बघावे आणि घडलेले कोणाला सांगू नये. हे सोडून लोक रोग रेड्याला नि औषध पखालीला करत बसतात. तार साफ करायला स्पिरिटमध्ये भिजवलेले व्हिजिटिंग कार्ड हलकेच मधून ओढावे. नोटरीसाहेबांचे कार्ड उत्तम; त्यांची एवढी तरी मदत झाली.

यंत्राचे एवढेच. बोट मुके असेल तर काय करावे हे मला माहीत नाही. तिथे स्पिरिट चालत नाही. मी नुसता उभा राहतो.

कलम ८. वरील काम मी ............... यांच्याकडे सोपवतो.

(ही जागा सकाळपासून रिकामी आहे. पुढचे घडले तसे लिहितो.)

इओले आली. दुसरा साक्षीदार म्हणून तिने एजिदिओलाच दंडाला धरून आणले होते. "सख्खा भाऊ असताना मी बाहेर कुठं शोधू?" ती म्हणाली. तो दारातच टोपी चुरगाळत उभा राहिला. मी कागदावरून मान वर केली नाही.

तेवढ्यात आतून हाक आली. "नाझारेनो, मी की हे?"

मी उठलो. हल्ली उठले की छातीत भाता फाटल्यासारखे होते. पुन्हा खाली बसावे लागले. मी वर बघेपर्यंत एजिदिओ आत गेला होता.

एक सूर आला, स्वच्छ, ठणठणीत.

"हे वाजतंय," एजिदिओ म्हणाला. "बोट तुझं. परत दाब."

इओलेने क्रूसाची खूण केली. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो.

"अखेर या घरात कुणीतरी तोंड उघडलं," पाल्मीरा म्हणाली.

"तोंड राहू दे. दाब. अजून खाली. ब्रेड ताजा आहे का बघतेस काय?"

"गाढवा, मला लागत नाही तिथं!"

"कानस घासून घासून मला तरी कुठं काय लागतं? परत."

काही वाजले नाही. पुन्हा काही वाजले नाही. ती त्याला शिव्या घालत होती, आणि त्याने जवळची खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

कलम ८ मधील रिकाम्या जागी मी माझे बंधू एजिदिओ सेर्रानी यांचे नाव लिहीत आहे. त्यांनी तारांना हात लावण्यापूर्वी कलम ७ वाचावे. बाकीचे त्यांना माझ्याहून बरे येते. कलम ६ रद्द.

स्थळ: कास्तेलफिदार्दो. दिनांक: १३ ऑक्टोबर २०११, गुरुवार, दुपार.

सही: नाझारेनो सेर्रानी

साक्षीदार पहिली: इओले पाओलोनी, शेजारीण. सही केली.

साक्षीदार दुसरा: एजिदिओ सेर्रानी. सहीसाठी दोनदा हाक मारली. अजून बाहेर आलेला नाही. आतून "परत" एवढेच ऐकू येते आहे.