बांगड्यांच्या दुकानासमोरचा तास

बाई, आज मला नोकरी लागली. कायमची. इतकी वर्षं तासिका तत्त्वावर या शाळेतून त्या शाळेत हिंडले, आणि आज संगमनेरला इंग्रजीची शिक्षिका झाले. ही बातमी पहिली तुम्हालाच सांगायची होती.

तुम्ही आम्हाला जामखेडच्या बाजारात नेलंत, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. पुस्तकं वर्गात, आम्ही पोरी तुमच्या मागे, आणि दुकान दिसलं की त्याचं इंग्रजी नाव सांगायचं. बांगड्यांचे ढीग बघून मी ठणकावते, "बँगल्स शॉप!" तुम्ही कपाळाला हात लावता. "अगं, फुलं पाटीभर असली तरी आपण फुलबाजारच म्हणतो ना? तसं, बँगल शॉप." बांगडीवाली मावशी वैतागते, "बाई, ह्या पोरी बांगड्या भराया आल्यात का नावं ठिवाया?" तुम्ही हसता आणि मला कपड्यांच्या दुकानापुढे उभं करता. आता शहाणी झालेली मी 'क्लोद शॉप' म्हणते आणि पुन्हा आपटते. "क्लोद्सच म्हणायचं. काही शब्द 'स'चं शेपूट सोडत नाहीत. हट्टी असतात, तुझ्यासारखे."

आज निवडीसाठी पाठ घ्यायचा होता आणि विषय नेमका हाच आला. फळ्यावर नियम लिहून मोकळी झाले असते. पण खडू ठेवला आणि मुलांना घेऊन शाळेबाहेरच्या बाजारात निघाले. "मॅडम, पाठ वर्गात घेतात," समितीतले एक सर गुरगुरले. वय उलटत चाललेलं, ही जागा गेली तर पुढची मिळणार नव्हती. तरी मी म्हणाले, "चला तर खरं, सर." कपड्यांच्या दुकानापाशी एक पोरगी शेजारच्या मुलावर खेकसली, "क्लोद न्हाई रं, क्लोद्स! बँगलचं येगळं, ह्याचं येगळं!" आणि तेच सर पोट धरून हसायला लागले. बाई, मी जिंकले! भर रस्त्यात नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. मुख्याध्यापकांनी विचारलं, "असं शिकवायला कुणी शिकवलं तुम्हाला?" मी ताठ मानेनं तुमचं नाव घेतलं. ते म्हणाले, "शिक्षकदिनाला आणा की त्यांना, सत्कार करू." तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. मी तुमच्या मातीलाही आले होते. तरी तोंडातून निघून गेलं, "हो सर, आणते."