छाती कोण वाजवतंय

आई, तुझ्या नातीची हळद स्वस्तात पडली असं सगळे म्हणतात. मांडववाला ओळखीचा, साऊंड आपलाच, बेंजो पार्टीची वाजवणारी पोरं घरचं कार्य म्हणून पैशांचं बोललीच नाहीत. खरं काय पडलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या सुनेला त्या संध्याकाळपासून ढोल सोसत नाही. शेजारच्या सोसायटीत आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या तरी ती हातातलं काम टाकून उठते, खिडकी लावते आणि टाळ्या थांबेपर्यंत तिथेच उभी राहते. ज्या घराची चूल साऊंडवर चालते त्या घरात ही गोष्ट सांगायची कुणाला?

तू गेलीस तेव्हा माझ्याकडे दोन कर्णे आणि एक खरखरणारा अँप्लिफायर होता. आता शिरवण्यापासून जासईपर्यंत कुणाचीही हळद असो, आधी फोन मला येतो. कान तुझाच आहे. तू धवलारीण, धवले गाऊन लग्न लावणारी. तुझा सूर लागल्याशिवाय गावात नवरी मांडवात पाऊल टाकत नव्हती. मी गाऊ शकलो नाही, पण ऐकायला शिकलो. डोळे मिटून सांगतो, वीस स्पीकरमधला कुठला फाटलाय. फोनवर गिऱ्हाईक नुसतं ‘हॅलो’ म्हणालं तरी त्याच्या पोटात काय चाललंय ते मला कळतं. हे मी चारचौघांत सांगतो आणि लोक मान डोलावतात, कारण बहुतेक वेळा ते खरं निघतं.

गेल्या वर्षी सुनेच्या मेंदूत रक्ताची छोटी गुठळी अडकली. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, आमटीला मीठ किती तेही बरोबर. आम्ही म्हटलं, वाचलो. मग हळूहळू लक्षात आलं. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “माझ्या अंगात काय तरी चाललंय. हात गार पडलेत, घसा दाटलाय. पन हे काय हाय?” मी म्हटलं, “अगं, खूश झालीस.” ती म्हणाली, “असं होय,” आणि वाटणाला बसली.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. कानाच्या वरच्या बाजूला, आत खोल दुमडलेला मेंदूचा एक भाग आहे म्हणे. हृदयाची, पोटाची, श्वासाची, कातडीची बातमी तिथे येते. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलंही येऊन तिथे मिळतं, आणि त्या सगळ्याचं मिळून एक काहीतरी होतं, त्याला आपण भीती म्हणतो, आनंद म्हणतो. जिना चढलात तरी धडधडतं, मुलगी सासरी निघाली तरी धडधडतं. कशामुळे ते मेंदू आजूबाजूचं पाहून ठरवतो. हिच्या बाबतीत बातम्या येतात, ठरणं अडतं. मी म्हटलं, “म्हणजे मॅडम, चॅनेल सगळे चालू आहेत, मिक्सर बिघडलाय.” त्या हसल्या. “तेवढं सोपं असतं तर मी तुम्हालाच बोलावलं नसतं का?” सुधारेल का, विचारलं. काहींचं सुधारतं, म्हणाल्या. किती, कधी, सांगता येत नाही.

पण माझं डोकं साऊंडवाल्याचं. मला वाटलं, हळदीत हिला बरं वाटेल. आपल्याकडे हळद म्हणजे मेलेला माणूस उठून नाचेल अशी. म्हणून नवरीच्या आईची मानाची खुर्ची मी बेंजोच्या अगदी समोर मांडली, दोन्ही बाजूंना बेसचे मोठे स्पीकर. गाणं सुरू झालं तशी ती छातीवर हात ठेवून बसली. तोंडावर हसू होतं, कारण समोर फोटोवाला होता. ताई नाचत आली आणि तिला ओढायला लागली, “वयनी, लाजतेस काय? एकच पोर हाय तुझी, नाच गो!” माझ्याकडे वळून ओरडली, “आनि तू रं? दुसऱ्यांच्या हळदीन पत्रे उडवतोस, घरच्या हळदीन आवाज बसला काय?” आवाज मी स्वतः वाढवला. पुन्हा पाहिलं तर खुर्ची रिकामी.

स्वयंपाकघरात ती तांदळाच्या पिठाच्या परातीत दोन्ही हात खुपसून बसलेली. भिंतीवरची भांडी तालावर थरथरतायत. मला पाहून म्हणाली, “माझी छाती कोन वाजवतंय?” मला आधी कळलंच नाही. “बेंजोवाले वाजवतान का माझी मीच वाजवतंय? मला येगळं करून दे.” मी धावत बाहेर जाऊन मेन बंद केला. मांडव एकदम गप्प. ताई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. परत आत आलो तर ती पिठाने माखलेल्या हाताने गळ्यावरची शीर चाचपत होती. “बंद केलंस ना? मग अजून कसं वाजतंय?” आणि मग ती खरी घाबरली. म्हणजे मला वाटतं, घाबरली.

तेव्हा तू आठवलीस. ताईच्या लग्नात मी लहान होतो, सकाळपासून पोटात कालवत होतं, मागच्या दाराशी ओकायला बसलो होतो. तू धवला अर्धा टाकून आलीस. तुझा हळदीचा हात माझ्या बरगड्यांखाली दाबून धरलास. “मटनाचा तरास नाय ह्यो. ताई चालली म्हनून हाय. ह्याला वाईट वाटनं बोलतान, पोरा.” आणि पुन्हा मांडवात गेलीस. त्यानंतर आयुष्यात जेव्हा जेव्हा तिथे असं कालवलं, तेव्हा मला नाव माहीत होतं. तू गेलीस त्या दिवशीही माहीत होतं.

मी तसाच हात ठेवला. म्हटलं, “पोरीची हळद आहे, ही खुशी आहे.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “खुशी अशी आसते?” मी म्हटलं, “थोडं दुःखही आहे, पोर जाणार म्हणून.” “मग कंचं धरू?” बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती, साऊंड चालू करा म्हणून.

लेक आता सानपाड्याला असते. व्हिडिओ कॉल करते, हसते, फोन ठेवते. मग ही मला विचारते, “मी रडलंय काय?” गाल ओले असतात. मी हो म्हणतो. “कशाला?” मी सांगतो, आठवण आली म्हणून. ती ते मान्य करते, आणि मला भीती वाटते ती याचीच. मी जे म्हणेन ते तिला वाटतं. चुकीचं बोललो तर तेच तिच्या आत जाऊन बसेल, आणि तपासायला माझ्याकडे काही नाही. म्हणून तुला विचारायचंय. त्या दिवशी तुला खरंच कळलं होतं का, की माझ्या पोटात काय आहे? की तू घाईत एक शब्द दिलास आणि मी जन्मभर तेच समजत राहिलो? तुला वाचता येत नव्हतं, आणि हे मोठ्याने वाचावं तर ती बाहेर बसलीय. तेव्हा पाठवण्याचा प्रश्नच नाही.

परवा तिला दाखवायला घेऊन गेलो होतो. तिचं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, “आणि तुम्हाला कसं वाटतंय?” मी म्हटलं, “मस्त! आपल्याला काय धाड भरलीय?” तर ही म्हणाली, “बाई, ह्यांचा आवाज असा नसतो.” बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं. मी तोंड उघडलं. घशात, छातीत, पोटात काही ना काही होतं; काय होतं, ते सांगता येईना. शेवटी बाईंनी माझ्याही नावाचा केसपेपर काढला. मंगळवारी तिच्यानंतर माझा नंबर आहे.