मार्सेलताईसाठी एक मतानिया

सोमवार, ४ मार्च
मोठा उपास सुरू. दूध, अंडी, मांस, मासे बंद. रागही बंद. आमच्या चर्चचे धर्मगुरू अबूना सारबामोन, त्यांच्यापुढे पापकबुली दिली. म्हणाले, "विसा, मार्सेलसाठी एक मतानिया घाल. त्याशिवाय कम्युनियनला येऊ नकोस." एकच! गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला. मी रोज शंभर घालणार. आज्ञा पाळायची तर हात राखून कशाला?

मंगळवार, ५ मार्च
आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, सगळ्या शुब्रा वस्तीच्या देखत, मी ताईला एवढंच म्हणालो होतो, की औषधं वेळेवर दिली असतीस तर आई आज असती. ताईनं आईला सहा वर्षं उचलून न्हाऊ घातलं, हे खरं. मीही दर शुक्रवारी वर जायचो. एक जिना चढून. बहुतेक शुक्रवारी.
मन खात होतं. तिळाचा हलवा संपवला. उपासाला चालतो.

शुक्रवार, १५ मार्च
मतानिया जोरात. नम्रता वाढल्याचं जाणवतंय. बायकोला सांगितलं, तर ती म्हणे, "मग जरा भांडी घासा."
जिन्यात ताई भेटली. "जेवलास का रे?" मी बोललो नाही. मौनव्रत होतं. तिथेच सुरू केलं.

रविवार, ७ एप्रिल
अबूनांना प्रगती सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, तसबिरीपुढे कशाला वाकतोस? बहिणीपुढे वाक! तिच्या पायाशी. एकदाच!"
जिचं मन दुखावलं तिच्यापुढे वाकणं, यालाही मतानियाच म्हणतात. लहानपणापासून माहीत आहे. पण त्यांनी नीट सांगायला नको?
आत्ताच गेलो असतो. पण रविवारी मतानिया घालत नाहीत. शनिवारीही नाही. नियम म्हणजे नियम.

बुधवार, १० एप्रिल
वाळूचं वादळ. जिन्यात धूळच धूळ. पँट नवी. उद्या नक्की.

गुरुवार, १८ एप्रिल
वरपर्यंत गेलो. आतून कांद्याच्या फोडणीचा वास आला. माणूस स्वयंपाकात असताना त्रास देऊ नये.
स्वतःची किळस आली. थोडा वेळ.

गुरुवार, २५ एप्रिल
पाय धुण्याचा गुरुवार, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो. आता सबब उरली नाही. सकाळीच वर गेलो. वाक्य पाठ होतं. ताईनं दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, मी तुला माफ केलंय."
तिनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "बरं झालं बाबा. मलाही झोप लागत नाही रे. चुकलाच असेल का माझा एखादा डोस?" आणि वाकली. चौसष्ट वर्षांची मार्सेलताई, सांधे धरलेले, कपाळ माझ्या चपलांपाशी.
तिला उठवायला हवं होतं. मी बिशपसारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला.
डोस चुकला नव्हता. आईचं हृदयच थकलं होतं, डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. हे मला तिथे आठवत होतं. तरी बोललो नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
चर्चमध्ये अबूनांनी विचारलं, मतानिया झाली का.
झाली, म्हणालो.