पावणेदोन तासांचे अंतर

बाबूजी,

नागपूर ते बंगळूर हे अंतर विमानाने पावणेदोन तासांचे आहे, असे तुमची नात म्हणते. विधान खरे आहे. मी पडताळून पाहिले. माझा संशय आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. तुमची सून गेल्यापासून साकोलीच्या घरात मी एकटाच असतो, आणि मी तिच्याकडे राहायला जावे, असे नातीने परस्पर ठरवले आहे. जन्मभर मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. खऱ्या विधानाच्या आडून काय काय खपवले जाते, हे मला ठाऊक आहे.

परवा तिचा फोन आला. "बाबा, पावणेदोन तास फक्त! तुमाले साकोलीहून नागपूरले एसटीनं जायलेच त्याहून जास्त लागते."

"मग इतक्या जवळून तू दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला का आली नाहीस?"

"सुटी नाही भेटली न, बाबा. तुमी तर कोर्टातच उभं करता मले."

म्हणजे मी निघायचे असले की अंतर विमानाने मोजायचे, आणि तिने निघायचे असले की सुटीने. एकाच रस्त्याला दोन मापे लावणाऱ्याचा हेतू तपासून पाहावा, हे मी पुस्तकातून नव्हे, तुमच्याकडून शिकलो.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: दिवाळी सरली आहे, आपल्या गावची मंडई भरली आहे, बाहेरगावचे सोयरे अंगणात बसले आहेत, आणि मोहाडीकडचा एक मध्यस्थ माझ्या थोरल्या बहिणीसाठी स्थळ सांगतो आहे. गाव किती दूर, असे तुम्ही विचारता. तो हात झटकतो. "कुठं दूर जी! तीन बिड्यायचा रस्ता." चालता चालता किती बिड्या ओढून होतात, त्यावर पायवाटेचे अंतर सांगायची तेव्हा रीतच होती, सगळे माना डोलावतात. तुम्ही मात्र त्याच्याकडे रोखून पाहता.

"बिडी तू ओढशील. माही पोरगी डोक्यावर गाठोडं अन् कडेवर लेकरू घेऊन मंडईले येईल, तवा किती बिड्या?"

"आता थे कसं सांगू जी?"

"मंग चालून पाह्य. लेकरू उसनं देतो तुले."

अंगणभर हशा पिकला. आत आई धुसफुसत होती, "पाव्हण्याले असं बोलते का कोनी?" स्थळ तिथेच मोडले. नंतर जवळचे स्थळ मिळाले, आणि बहिणीची एकही मंडई चुकली नाही.

काल नातीने तिकीट पाठवले. फक्त जाण्याचे. मला वाटले, हेतू आता उघडा पडला: मी एकदा तिकडे गेलो की घराला कुलूप, आणि पुढे घराला गिऱ्हाईक. मी लगेच फोन लावला.

"परतीचे तिकीट कुठे आहे?"

"तुमी तारीख सांगा न, बाबा. आत्ताच काढतो."

तिच्या आवाजात घाई नाही, आर्जव नाही. मी "कळवतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. पोहोचू शकले असते, तरी मी पाठवले नसते. तिच्यावर संशय घ्यायला माझ्यापाशी अजून पुष्कळ मुद्दे आहेत. पण तिने परतीची तारीख विचारली तेव्हा मला एकही सुचली नाही, आणि त्याचे वाईटही वाटले नाही.