तारेला बांधलेलं पातळ

ठकू,

बॅटरी भरून आणायला कापूरहोळला जातोय. दुपारच्या एसटीने येईन. तोवर कुरणाच्या तारेत करंट नाही, घोडीकडे लक्ष ठेव.

तुझी आई गेल्यापासून घोडीला राखायला कोणी नाही, म्हणून ही तार लावली. तार घोडीला दिसावी म्हणून तिच्यावर चिंध्या बांधतात. मी आईचं हिरवं पातळ फाडून बांधलं. दुसरं जुनेर शोधायला हवं होतं. घोडीने काल वास ओळखला आणि सरळ नाक लावलं. झटका बसला तशी केवढ्याने किंचाळली. चिंध्या सोडून ट्रंकेत ठेवल्यात. माझं चुकलं गं.

तिला पाणी पाजायला जाताना आईचं पातळ नेसून जाऊ नकोस. ती तुलाही भिईल.

आबा